खिळ्याला लंबकाचं रक्त

सोफेवाल्या मावशींशी दुकानात काही बोलायचं असेल, तर आधी त्यांच्या तोंडातले खिळे संपायची वाट बघावी लागे. कापड लाकडाला ठोकायचे जे बारीक खिळे असतात, ज्यांना चुका म्हणतात, ते मावशी मूठभर तोंडात टाकत. मग जिभेने एकेक चूक ओठांवर आणायची, हातोडीच्या चुंबकाच्या टोकाने ती उचलायची आणि दोन टोल्यांत लाकडात बसवायची. हे सगळं इतक्या झपाट्याने चाले की नवीन गिऱ्हाईक तोंड उघडं ठेवून बघत बसे. बोलायची वेळ आली की त्या नुसतं "हं" किंवा "उंहूं" करत. कोणी फारच घासाघीस करायला लागलं, तर तोंडातला ऐवज तळहातावर काढून म्हणत, "माझ्या तोंडी लागू नका. माझ्या तोंडात नेहमी चुकाच असतात."

हे काम त्या वडिलांकडे शिकल्या. खरं तर धंदा त्यांच्या भावाने सांभाळायचा होता, पण त्याला काथ्याची अशी काही खाज सुटायची की अर्धा वेळ तो सोफ्याऐवजी स्वतःलाच खरवडत बसे. शेवटी वडिलांनी हातोडी लेकीच्या हातात दिली. लग्न झालं, नवरा गेला, लेक मोठी झाली, तरी हातोडी काही मावशींनी खाली ठेवली नाही. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत मायलेकी राहत. लेक पोहण्याच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. एकदा तिला तलावाच्या पंपघरामागे कुत्र्याचं एक काटकुळं तांबूस पिल्लू सापडलं आणि तिने ते टॉवेलमध्ये गुंडाळून घरी आणलं. मावशी आधी "हे ध्यान इथे नको" म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनीच त्याच्यासाठी उरल्यासुरल्या फोमची गादी शिवून ठेवली. अंगाने सडपातळ आणि डोक्याने टणक, म्हणून त्याचं नाव पडलं खिळा.

खिळा दिवसभर दुकानात असायचा. दुरुस्तीला आलेला प्रत्येक सोफा पसंतीसाठी आधी आपल्यापुढे आणतात, अशी त्याची समजूत होती.

पलीकडच्या गाळ्यात घड्याळवाल्यांचं दुकान. दोन्ही दुकानांत एकच भिंत, आणि त्या भिंतीपायी दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. झालं होतं असं, की कधीतरी घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून एक नाजूक बायकी घड्याळ उघडून बसले होते, आणि नेमक्या त्याच वेळी पलीकडून मावशींनी दिवाणाच्या फळ्या ठोकायला घेतल्या. टेबल हादरलं, घड्याळातला केसाएवढा स्क्रू उडाला तो उडालाच. घड्याळवाले भिंग कपाळावर सरकवून तरातरा आले. त्यांनी विचारलं की ठोकाठोकीला काही काळवेळ असतो की नाही. मावशी म्हणाल्या की काळवेळेचा धंदा तुमचा, माझा नाही. घड्याळवाल्यांनी त्यावर काहीतरी म्हटलं, मावशींनी त्याहून वरचढ काहीतरी म्हटलं, आणि त्या दिवसापासून अबोला जो सुरू झाला तो वर्षानुवर्षं चालला. निरोप असलाच तर लेकीमार्फत जाई. ती दोन्हीकडे चहा प्यायची.

घड्याळवाल्यांचंही कुत्रं होतं. काळंभोर, वासराएवढं, आणि आळशीपणात त्याचा हात धरणारं दुसरं कोणी नव्हतं. हलायची ती फक्त शेपूट, आणि तीही एका लयीत. म्हणून तो लंबक. मालकांच्या अबोल्याची ह्या दोघांना काही पडली नव्हती. मागच्या सामाईक अंगणात दोघं पाठीला पाठ लावून झोपत.

तर एका सकाळी खिळा गादीवरून उठला नाही. बशीतलं अंडं तसंच राहिलं. एरवी अंड्याचा वास आला की तो जिन्यावरून गडगडत यायचा. मावशींनी त्याच्या कानाला हात लावला तर कान तापलेला. उन्हामुळे असेल, म्हणून त्यांनी ओलं फडकं अंगावर घातलं. दुसऱ्या दिवशी तो उठला, चार पावलं चालला आणि एका गिऱ्हाइकाच्या साईरंगी सोफ्याला डोकं टेकून उभा राहिला. त्या कोऱ्या कापडावर टपटप लाल थेंब पडले. नाकातून रक्त येत होतं.

मावशींनी हातोडी टाकून दिली. कापडाचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. त्यांच्या मनात एकच गोष्ट आली, की जमिनीवर पडलेली चूक ह्याने गिळली. आयुष्यभर त्या दिवसाच्या शेवटी लोहचुंबक फिरवून जमीन झाडत आल्या होत्या, आणि त्याच खिळ्यांनी खिळ्याचा घात केला, असं धरून त्यांनी त्याला छातीशी घेतलं आणि लेकीच्या स्कूटरवर मागे बसल्या.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढ्याच, बोलायला संथ. त्या टेबलाशी उभ्या न राहता कुत्र्याबरोबर सरळ जमिनीवर बसत. मावशींनी घाईघाईने गिळलेल्या खिळ्याचं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ते नीट ऐकून घेतलं, एक्स-रेही काढला. पोटात एकही खिळा नव्हता. मावशी म्हणाल्या, "नीट बघा हो, बारीक असतो." त्यावर डॉक्टरीणबाईंनी खिळ्याचा ओठ अलगद वर उचलला आणि त्यांना जवळ बोलावलं.

"हिरडी बघा. एरवी गुलाबी असते ना? ही खडूसारखी झालीय. आणि हे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात?"

मग त्यांनी त्याला उताणं केलं. पोटाच्या पातळ कातडीवर जांभळट डाग होते, कुठेही मार लागलेला नसताना. मानेखालच्या गाठी सुजलेल्या, हाताला पोटात प्लीहा मोठी लागत होती, ताप भरपूर. शेवटी त्यांनी त्याच्या पुढच्या पायाची बोटं फाकवली. दोन बोटांच्या बेचक्यात वाटाण्याएवढी फुगलेली राखाडी गोचीड मजेत बसली होती.

"हिचं काम दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रक्ताचा थेंब त्यांनी एका छोट्या पट्टीवर टाकला. थोड्या वेळाने पट्टीवर दोन रेघा उमटल्या. रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे जखम झाली की रक्त थांबवणारे कण, मोजून बघितले तर ते जवळपास संपलेच होते. म्हणून नाकातून रक्त येत होतं, म्हणून ठिपके, म्हणून डाग. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की ह्याला लोक गोचीड-ताप म्हणतात. रिकेट्सिया नावाच्या जंतूंच्या गोतावळ्यातलाच हा एक. इतका बारीक, की दुसऱ्याच्या घरात शिरल्याशिवाय तो जगूच शकत नाही. गोचिडीच्या तोंडून तो कुत्र्याच्या रक्तात उतरतो आणि तिथल्या पांढऱ्या पेशींमध्ये बिऱ्हाड थाटतो. कधी आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आणतो, तर कधी महिनोन्‌महिने गप्प बसून राहतो.

"म्हणजे पोटभाडेकरू," मावशी म्हणाल्या.

"भाडं न देणारा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ह्याला बाहेर काढणारं औषध आहे, आणि ते चांगलं आहे. डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूल. दोन दिवसांत तुम्हाला फरक दिसेल. काळजी वेगळीच आहे. ह्याच्या अंगात आत्ता रक्तच कमी उरलंय. औषध काम करेपर्यंत त्याला तग धरता यायला हवा. त्याला रक्त द्यावं लागेल."

कुत्र्याला रक्त चढवतात हे मावशींनी पहिल्यांदाच ऐकलं. रक्त कुत्र्याचंच लागतं. देणारा मोठ्या अंगाचा, तरुण, धडधाकट आणि स्वभावाने शांत हवा, कारण सुई लावल्यावर त्याने हलायचं नसतं. डॉक्टरीणबाई ओळखीच्या लोकांना फोन लावायला उठल्या. एक कुत्रं परगावी गेलेलं, एक म्हातारं झालेलं. लेकीने आईकडे बघितलं आणि पुन्हा खिळ्याकडे बघायला लागली.

मोठं, धडधाकट आणि काही झालं तरी न हलणारं असं कुत्रं जगात एकच होतं, आणि ते कोणाचं हे मावशींना पुरतं ठाऊक होतं.

"मी जाऊन काकांना विचारते," लेक म्हणाली.

"नको," मावशी म्हणाल्या. "भांडले मी, तर विचारीन पण मीच."

घड्याळवाले कामात होते. मावशी उंबऱ्यात उभ्या राहिल्या. येताना त्यांनी दोन-तीन वाक्यं मनात घोळवली होती. पहिलं वाक्य जुन्या गोष्टीबद्दलचं होतं, पण तिथे उभं राहिल्यावर ते एकदम फार लांबलचक वाटायला लागलं. घड्याळवाल्यांनी भिंगातूनच वर बघितलं. एका डोळ्याला भिंग, दुसरा बारीक केलेला.

"आमच्या खिळ्याला रक्त हवंय," मावशी म्हणाल्या. "तुमच्या लंबकाचं."

घड्याळवाल्यांनी भिंग काढलं, हातातलं घड्याळ काचेच्या झाकणाखाली ठेवलं. "कधी?"

"आत्ता."

त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि मागे जाऊन लंबकाला उठवलं. आजवर त्या कुत्र्याला उठवायला कोणालाच इतका कमी वेळ लागला नव्हता.

दवाखान्यात आधी लंबकाची तपासणी झाली. गोचीड-ताप त्याच्या अंगात दबून बसलेला असला तर त्याचं रक्त काही उपयोगाचं नव्हतं. पट्टीवर एकच रेघ उमटेपर्यंत मावशींचा जीव टांगणीला लागला होता. मग डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या रक्ताचे थेंब काचेवर एकत्र करून बघितले. गुठळी झाली नाही. रक्त एकमेकांना मानवणार होतं. लंबकाच्या गळ्याजवळचे थोडे केस भादरून सुई लावली तेव्हा त्याने फक्त एक सुस्कारा सोडला आणि शेपूट आपटत राहिला. त्याच्या पुढ्यात बिस्किटं ठेवली होती. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्याला आडवं पडून राहण्याबद्दल शाबासकी देत होतं.

अडचण आली ती घड्याळवाल्यांची. केसाएवढे स्क्रू फिरवणारा तो माणूस पिशवीत उतरणारं रक्त बघून पांढराफटक पडला. मावशींनी दंडाला धरून त्यांना बाकावर बसवलं आणि मान खाली घालायला लावली. "मी ठीक आहे," ते गुडघ्यांमध्ये तोंड घालून म्हणाले. मावशी म्हणाल्या की हो, दिसतंय ते, आणि त्यांना वारा घालायला लागल्या.

दुपारभर ते रक्त थेंबथेंब खिळ्याच्या अंगात जात राहिलं. संध्याकाळी त्याची हिरडी पुन्हा गुलाबीकडे झुकली आणि त्याने मान वर करून लंबकाच्या पुढ्यातल्या बिस्किटांकडे बघितलं. मावशींचा जीव भांड्यात पडला.

आणि जीव भांड्यात पडल्याबरोबर भांडण वर आलं. लंबकाला घरी न्यायच्या आधी डॉक्टरीणबाई त्याचं अंग चाचपत होत्या, तर त्याच्या कानाच्या मागेही दोन गोचिडी निघाल्या. मावशी म्हणाल्या, "म्हणजे आल्या कुठून हे कळलं." घड्याळवाले म्हणाले की काथ्याचे ढीग कोणाच्या दुकानात आहेत हेही जगाला माहीत आहे. दोघं इतक्या वर्षांनी बोलत होते, त्यामुळे साठाही भरपूर होता. डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलू दिलं आणि मग विचारलं की दोन दुकानांमध्ये काय आहे.

"भिंत," दोघं एकदम म्हणाले.

"मग गोचिडी भिंतीच्या आहेत. रक्त पिऊन झालं की गोचीड कुत्र्यावरून उतरते, भिंत चढते, फटीत शिरते आणि हजारांनी अंडी घालते. एकाने साफसफाई केली आणि दुसऱ्याने नाही, तर त्या नुसतं घर बदलतात. दोघांनी एकाच वेळी करा, नाहीतर मी इथे आहेच."

मग जे काही झालं त्याला साफसफाई म्हणणं म्हणजे पुराला ओलावा म्हणण्यासारखं होतं. दोन्ही दुकानं बंद ठेवली. घड्याळवाल्यांच्या भिंतीवरची सगळी घड्याळं उतरवली, मावशींचा जुना काथ्या पोत्यांत भरून तोंडं शिवून बाहेर काढला. भिंतीच्या फटींत काय काय निघालं ते सांगण्यासारखं नाही. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं औषध फवारलं, ते वाळेपर्यंत दोन्ही कुत्र्यांना लेकीने तलावावर नेऊन ठेवलं. नंतर मावशींनी पुट्टी कालवली आणि एकेक फट बुजवली. कुत्र्यांच्या मानेवरही गोचीड मारणारं औषध लावलं.

अंगावरच्या उरलेल्या गोचिडी काढायचं काम मात्र घड्याळवाल्यांचं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की बोटांनी चिरडायची नाही, पिरगळायची नाही, तेल-काडी काही लावायची नाही. चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरायची, सरळ वर ओढायची आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून, हातात आपला बारीक चिमटा घेऊन बसले. मावशी कुत्रं धरत, ते गोचीड काढत. मोहरीएवढी पिल्लंही त्यांच्या नजरेतून सुटत नव्हती. काम करताना ते सवयीने श्वास रोखून धरत, आणि मावशींना कळायच्या आत त्याही श्वास रोखून बसत.

दोन दिवसांनी खिळ्याने अंडं खाल्लं. चौथ्या दिवशी त्याने लेकीचं अंडंही खाल्लं. मावशींना वाटलं, झालं, जिंकलो. पण डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूल चार आठवडे द्यायला सांगितल्या होत्या. कुत्रं बरं दिसायला लागलं तरी जंतू दडून बसलेले असतात, औषध मध्येच सोडलं तर ते पुन्हा डोकं काढतात. कॅप्सूल रिकाम्या पोटी द्यायची नाही, दुधाबरोबर द्यायची नाही, आणि दिल्यावर घशात अडकू नये म्हणून पाणी पाजायचं. मावशी ती उकडलेल्या बटाट्यात दडवून देत. खिळा बटाटा शहाण्यासारखा खाऊन जागेवर जाऊन बसे.

एके दिवशी खिळ्याच्या लाडक्या सोफ्याची बैठक मावशींनी उचकटली, तर आत कोपऱ्यात ओळीने कॅप्सूल पडलेल्या. अंगात ताकद आल्यापासून प्रत्येक वेळी बटाटा पोटात गेला होता आणि कॅप्सूल गालात. मावशींच्या तोंडात तेव्हा चुका होत्या, म्हणून बोलता आलं नाही. एवढंच त्या दिवशी खिळ्याचं नशीब.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सगळं ऐकलं, हसल्या आणि मग गंभीर होऊन म्हणाल्या की बुडालेले दिवस धरायचे नाहीत, मोजणी नव्याने सुरू करा. मावशी पुन्हा बटाटा, पाव, अंडं सगळं करून बघायला लागल्या. खिळा सगळं खाई आणि कॅप्सूल तेवढी बाहेर येई. हा तमाशा भिंतीपलीकडे ऐकू जात होताच. घड्याळवाले लंबकाला घेऊन आले आणि त्याला खिळ्याच्या शेजारी बसवलं.

"आता द्या," ते म्हणाले.

मावशींनी बटाटा पुढे केला. लंबकाने नुसतं नाक पुढे केलं. खिळ्याने तो बटाटा असा गिळला की चावायलाही वेळ घेतला नाही. लगेच पाण्याचं भांडं पुढे आलं, त्यातही पहिला नंबर त्याचाच.

झालं. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ लंबक कॅप्सूलच्या वेळेला हजर राहू लागला, आणि लंबक एकटा चालत येणाऱ्यातला नसल्यामुळे घड्याळवालेही. ते आले की चहा टाकावा लागे. चहा झाला की काही बोलावं लागे. सुरुवातीला बोलणं खिळ्याच्या हिरड्यांवरून सुरू होऊन तिथेच संपे. मग एकदा मावशींनीच विचारलं की त्या बायकी घड्याळाचं पुढे काय झालं. घड्याळवाले म्हणाले की स्क्रू कधी मिळाला नाही, पण दुसऱ्या एका मोडक्या घड्याळातला बसवला, आणि ते घड्याळ अजून चालतंय. बाई दर वर्षी येतात, नुसतं सांगायला.

"मग एवढा अबोला कशाला धरला?" मावशी म्हणाल्या.

"मी कुठे धरला? तुम्ही बोलाल म्हणून मी वाट बघत होतो."

 मावशींनी घड्याळवाल्यांच्या कपात आणखी चहा ओतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून ठरवून टाकलं की जेवणाआधी ठोकायचं आणि जेवणानंतर शिवायचं. घड्याळवाले सकाळी पट्टे आणि सेल बदलायला लागले, नाजूक कामं दुपारनंतर काढायला लागले. हे आधीही जमलं असतं, असं लेक एकदा म्हणाली. दोघांनी तिच्याकडे असं बघितलं की तिने पुन्हा विषय काढला नाही.

चार आठवडे पुरे झाल्यावर खिळ्याला तपासायला नेलं. डॉक्टरीणबाई पुन्हा जमिनीवर बसल्या, ओठ उचलला. हिरडी मस्त गुलाबी. पोटावरचे डाग गेलेले, प्लीहा जागच्या जागी, प्लेटलेट भरपूर. त्यांनी औषध बंद केलं आणि सांगितलं की आणखी काही आठवड्यांनी एकदा रक्त दाखवून जा. गोचिडींवर मात्र बारा महिने नजर ठेवा. हा आजार एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही. घड्याळवाले म्हणाले की नजरेचं माझ्याकडे लागलं.

परत येताना खिळा पुढे, लंबक मागे, आणि दोघांच्या मध्ये मालकमंडळी. अंगणाचं फाटक सैल झालं होतं, ते कोणी दुरुस्त करायचं यावरून वाटेत सुरू झालेलं बोलणं घरापर्यंत पोचलं तरी संपलं नाही. मावशींचं म्हणणं बिजागरी बदलावी, घड्याळवाल्यांचं म्हणणं नुसता स्क्रू पिळला तरी चालेल. लेक जिन्यावर बसून ऐकत होती. शेवटी दोघं एकदमच आपापली हत्यारं आणायला आत गेले.